डावं चाक

त्या वस्तूला आमच्या घरात तीन नावं होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, तिला ‘कॅरव्हान’ म्हणायचे, आणि तेही अशा थाटात की ऐकणाऱ्याला वाटावं यांच्या दारात विमानच उभं आहे. आमचा ड्रायव्हर बसण्णा तिला ‘डब्बी’ म्हणायचा. आई म्हणायची ‘बिऱ्हाड’, कारण विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आणि त्यातला विंचू कोण हे सांगायची गरज नसे. खरं तर ती एका सर्कशीतली खोली होती. हुबळीला आलेली ती सर्कस तिथेच मोडली, माणसं आपापल्या गावी गेली, आणि दोन चाकांवरची ही लाकडी खोली मैदानात एकटी उभी राहिली. अप्पा गेले होते सर्कशीतल्या माणसांचे फोटो काढायला. परत आले ते ही खोली आमच्या जुन्या जीपच्या मागे अडकवून. आईनं दारात येऊन आधी खोलीकडे बघितलं, मग अप्पांकडे बघितलं, आणि आत जाऊन पोळ्या लाटायला लागली. 

अप्पांचा फोटो स्टुडिओ धारवाडला सुभाष रोडवर होता. खाली दुकान आणि वर आम्ही. तेव्हा फोटो काढून घेणारी माणसं मोजकीच. लग्नाच्या मुलीचा एक, नोकरीच्या अर्जाला एक, आणि घरातला म्हातारा जरा जास्तच खोकायला लागला की त्याला कोट चढवून आणायचे, तो एक. तेवढ्यावर अप्पांचं भागत नव्हतं. माणसं फोटोकडे येत नसतील तर फोटोनं उठून माणसांकडे जावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दसऱ्याला निघून उन्हाळ्यापर्यंत आमची खोली जत्रांतून आणि बाजारांतून फिरायची. पुढच्या अर्ध्या भागात खुर्ची आणि रंगवलेला पडदा, मागच्या अर्ध्या भागात फोटो धुवायची काळोखी खोली, आणि मधे दुहेरी घोंगडं टांगलेलं. शाळेला सुट्टी असली की आई आणि मी बसनं किंवा आगगाडीनं मागून जायचो. आई दाराबाहेर स्टोव्ह मांडून झुणका-भाकरी करायची, आणि त्या भाकरीला फोटोच्या औषधाचा वास लागायचा. मला तो वास आवडायचा. आजही कुठं जुनं रसायन उघडलं की मला आधी भूक लागते, हे डॉक्टरांना सांगितलं तर ते हसतात.

पडदे मी रंगवायची. हे जरा नाक वर करून सांगते, कारण पुढं ते खाली घालायचंच आहे. पंधरा वर्षांची होते, हात चांगला होता आणि त्याचं कौतुक करून अप्पांनी मला अगदी चढवून ठेवलं होतं. कारंजं, राजवाडा, चंद्र, आणि सगळ्यांत जास्त मागणी असलेली मोटार, जिच्या खिडकीच्या जागी भोक होतं. कलघटगीकडची एखादी म्हातारी त्या भोकातून तोंड काढून असं बसायची की जन्मभर मोटारीतच फिरत आली आहे. बाहेर रांगेत तिची सून, नातवंडं, शेजारीण, सगळे कन्नडमधून तिची टिंगल करायचे, आणि आत अप्पा काळ्या कापडाखालून ओरडायचे, ‘अम्मा, नगबेडरी,’ हसू नका हो. त्या ‘नगबेडरी’नं म्हातारी हटकून हसायची.

बसण्णा रायापूरचा. सडपातळ, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि इतका सोवळा की दारू राहू द्या, तो चहासुद्धा प्यायचा नाही. जीप चालवायची, खोली उभी करायची, पाणी आणायचं, जत्रेत भांडणं सोडवायची, सगळं तोच करायचा. त्याची एक खोड होती. निघण्याआधी हातात नट आवळायचा पाना घेऊन तो खोलीभोवती फिरायचा आणि प्रत्येक नटाला टिचकी मारल्यासारखा पाना आपटून कान लावायचा. घट्ट नट खणकन बोलतो, सैल नट बोदा बोलतो, असं तो म्हणे. आठ-दहा मैल गेल्यावर पुन्हा थांबतो, पुन्हा आवळतो, असंही तोच सांगायचा. घट्टला कन्नडमध्ये ‘बिगि’ म्हणतात आणि सैलला ‘सडल’. हे दोन शब्द त्याच्या तोंडात इतके असायचे की मी त्याला चिडवायची, बसण्णा, तुझ्या मुलांची नावं बिगप्पा आणि सडलव्वा ठेव. तो म्हणायचा, ‘ठेवीन तंगी, पण आधी लग्न होऊ दे.’ तंगी म्हणजे धाकटी बहीण.

डावं चाक सांभाळायचं असतं, हेही त्यानंच मला शिकवलं. मागच्या महिन्यात माझ्या भाच्यानं पुण्याहून फोन केला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं झोपायच्या सोयीची कॅरव्हान भाड्यानं घेतली होती, आणि मावशी, तुमच्याकडे म्हणे तेव्हाच होती, काही टिप्स आहेत का, असं विचारत होता. मी अर्धा तास चाकांवर बोलले. त्याला बहुतेक सूर्यास्त वगैरे ऐकायचं होतं. पण मी काय करू, मला कॅरव्हान म्हटलं की चाकच आठवतं. आमच्या वेळी रस्ता म्हणजे मधे डांबराची एक पट्टी. समोरून लाकडांची लॉरी आली की जो हलका तो खाली उतरणार, म्हणजे आपलं डावं चाक डांबरावरून धाडकन मातीत, आणि पुन्हा धाडकन वर. दिवसातून पन्नास वेळा. शिवाय डावीकडचं चाक ज्या दिशेनं फिरतं, त्याच दिशेनं साधा नट उघडतो. म्हणून आमच्या जीपला डावीकडे उलट्या आट्यांचे नट होते. खोलीला मात्र दोन्हीकडे सारखेच होते, सर्कसवाल्याला कुठलं एवढं सुचायला. भाचा म्हणाला, हो का, बरं बरं. मग त्याला दुसरा फोन आला.

आता त्या दसऱ्याकडे येते. त्याआधीची सगळी वर्षं बसण्णा खोली घेऊन एकटा पुढे जायचा आणि अप्पा कॅमेरा मांडीवर घेऊन आगगाडीनं. कॅमेऱ्याच्या भिंगाला धक्के लागू नयेत म्हणून. त्यामुळे बसण्णा वाटेत कुठं थांबतो, काय करतो, हे अप्पांनी कधी बघितलंच नव्हतं. त्या वर्षी पहिला मुक्काम अळणावरला होता, आणि अप्पांनी ठरवलं की सगळे मिळून जीपनंच जायचं, दसऱ्याच्या मुहूर्तावर, अगदी शास्त्राप्रमाणे सीमोल्लंघन. आई म्हणाली, आगगाडी बरी. पण अप्पांच्या डोक्यात एकदा शास्त्र शिरलं की ते बाहेर काढायला ब्रह्मदेवही थकला असता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा, म्हणजे कॅमेरा, त्याची तिकटी, कात्री, जीप, पाना, सगळं झेंडूच्या माळा घालून बसवायचं. दरवर्षी बसण्णा चाकं काढून धुवायचा, त्यांना हळदकुंकू लावायचं, आणि परत चढवायची. त्या वर्षी माझ्या मनात आलं, एवढी सुंदर खोली आणि चाकं गंजलेली, हे काय बरं दिसतं? मोटारीच्या पडद्यातला तांबडा ऑइलपेंट उरला होता. बसण्णा चाकं काढून, धुऊन ठेवून, घरच्या पूजेसाठी दुपारी रायापूरला गेला आणि मी पदर, म्हणजे तेव्हा परकर, खोचून बसले. प्रत्येक चाकाला बाहेरून रंग दिला, दोन हात. मग उलटं करून आतूनही दिला, दोन हात. चाक जिथं टेकतं तो लोखंडी ड्रम उघडाच होता, त्याच्या तोंडालाही दिला. नट बसतात ती भोकंसुद्धा सोडली नाहीत. कुणी न बघणाऱ्या जागाही नीट करायच्या, हा मला फार मोठा गुण वाटायचा. आईनं होळगीचं पुरण वाटता वाटता खिडकीतून बघून म्हटलं, किती छान गं. संध्याकाळी बसण्णा आला तेव्हा मी आणि अप्पांनी मिळून चाकं चढवून, वर झेंडूच्या माळा घालून, पूजा मांडून ठेवली होती. पूजेतली वस्तू हलवायची नसते. त्यानं नुसते नट आवळले, पाना आपटून कान लावला आणि म्हणाला, ‘झकास दिसतंय तंगी.’ मला रात्री आनंदानं झोप लागली नाही.

दसऱ्याला सकाळी निघालो. हातावर दही, चाकांखाली लिंबं, गल्लीतल्या सगळ्यांनी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं दिली. आमच्याकडे आपट्यापेक्षा बन्नीचाच मान; ती पानं देऊन ‘बंगारासारखं राहू’ म्हणायचं, सोन्यासारखं. गाव मागं पडलं, भातशेतं लागली, आठ-दहा मैल झाले, आणि बसण्णानं जीपचा वेग कमी केला. अप्पांनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, जरा नट बघतो. अप्पा म्हणाले, सीमोल्लंघनाला निघालेला माणूस पहिल्या मुक्कामाआधी थांबत नाही, चल. बसण्णानं थोडा वेळ गाडी चालवली. मग पुन्हा, मोठ्यांना लावायचा तो ‘री’ लावून, म्हणाला, अप्पारी, चाकं काल काढून बसवली आहेत, बसवलेलं चाक थोडं तरी सडल होतंच, दोन मिनिटं लागतील. आणि इथं अप्पा तापले. राग त्यांच्या नाकावरच असायचा. सणाच्या दिवशी, चांगल्या कामाला निघताना, सडल-सडल काय लावलंस, तोंडातून दुसरा शब्द निघत नाही का तुझ्या, असं ते म्हणाले. बसण्णानं पुन्हा वेग वाढवला. आई माझ्याकडे बघत होती आणि मी माझ्या तांबड्या चाकांचा विचार करत होते, समोरून येणाऱ्यांना ती कशी दिसत असतील याचा.

पुढं दोनदा लॉरीला वाट द्यायला आम्ही खाली उतरलो. दुसऱ्या वेळी वर चढताना मागून खडखड आवाज आला. बसण्णानं ब्रेकवर पाय ठेवला, तेवढ्यात माझ्या बाजूनं एक चाक आम्हाला मागं टाकून पुढं गेलं. तांबडं, त्यावर झेंडूची माळ, अगदी डौलात. खोटं कशाला सांगू, एक क्षण माझ्या मनात आलं, कुणाचं बाई एवढं छान चाक? मग खोली डावीकडे कलली, लोखंड रस्त्यावर घासायला लागलं, आत बाटल्या फुटल्या, आणि जीप आडवी होऊन थांबली. चाक थांबलं नाही. समोरून एक बाई डोक्यावर जळणाची मोळी घेऊन येत होती आणि तिच्या कमरेला धरून एक तीन-चार वर्षांचं पोर चालत होतं. चाक त्या दोघांच्या इतक्या जवळून गेलं की मुलाच्या हातातलं बन्नीचं डहाळं त्यानं ओढून नेलं. पुढं ते भातात जाऊन पडलं. बाईनं मोळी टाकली आणि पोराला पोटाशी धरून रस्त्यातच बसली. ती रडलीसुद्धा नाही, नुसती बसली. माझ्या आजवरच्या आयुष्यात मला इतकी भीती पुन्हा कधी वाटली नाही.

जवळच्या वस्तीतली माणसं धावत आली. सणाचे दिवस, सगळे घरीच होते, वीसेक माणसं गोळा झाली. शिव्या द्यायला लागली, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. अप्पा घाबरले होते, हे मला आज कळतं. तेव्हा नुसता राग दिसला. त्या सगळ्यांसमोर, सगळ्यांना कळावं म्हणून कन्नडमधून, ते बसण्णावर ओरडले. नट आवळले नाहीस, पूजेचं निमित्त करून गावाला पळालास, आणि मग म्हणाले, ‘सण म्हणून प्यायलास का रे?’ बसण्णानं अप्पांकडे बघितलं. मला वाटलं तो सांगेल, मी दोनदा थांबतो म्हणालो होतो. आई सांगेल असं वाटलं. कुणीच काही बोललं नाही. गर्दीतला एक जण म्हणाला, ड्रायव्हर कुडुक आहे, म्हणजे दारुडा, आणि बाकीच्यांनी तेच धरलं.

बसण्णानं काम मात्र पुरं केलं. चाक भातातून ओढून आणलं, रस्त्यात शोधून एक नट मिळवला, उजव्या चाकाचे दोन काढून डावीकडे लावले, आणि दोन्हीकडे तीन-तीन नटांवर, मैलामैलाला थांबून आवळत, आम्हाला अळणावरला नेलं. आता अप्पा थांबायला नाही म्हणाले नाहीत. तिथं खोली उभी केली, किल्ली जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि तो स्टेशनकडे चालत गेला. जेवलाही नाही. नंतर कळलं की त्याची गोष्ट त्याच्याआधी धारवाडला पोचली होती. हुबळी-धारवाडचे ड्रायव्हर म्हणजे एक गाव. इकडं शिंकलं की तिकडं ऐकू येतं. चाक पाडणारा बसण्णा, पिऊन चालवणारा बसण्णा. दोन ठिकाणी त्याला कामावरून परत पाठवलं, आणि त्याची ठरत आलेली सोयरीक मुलीकडच्यांनी मोडली.

आठवड्यानं दुसऱ्या माणसाकडून खोली ओढून धारवाडला आणली आणि गल्लीच्या टोकाच्या गॅरेजात लावली. तिथले म्हातारे मिस्त्री चाक काढत होते आणि मी उगीच बाजूला उभी होते. चाक निघालं आणि ड्रमच्या तोंडावर माझा तांबडा रंग दिसला. अर्धा उडालेला, अर्धा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटलेला. मिस्त्रींनी तो नखानं उचलला आणि विचारलं, हा शहाणपणा कुणाचा? लोखंडाला लोखंड टेकलं पाहिजे. मधे रंग आला की नट रंगावर घट्ट बसतो, रंग दबतो, झिजून पडतो, आणि तेवढी जागा मोकळी होते. मग कितीही आवळलेला नट असो, सैल होणारच. मिस्त्री माझ्याशी बोलत नव्हते, चाकाशीच बोलत होते. मी तिथून घरी कशी आले मला आठवत नाही.

पुढचे आठ दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं. मी अर्धी भाकरी ताटात टाकून उठायची, आणि आईला वाटायचं जत्रेतलं पाणी बाधलं. नखांच्या कडेला अजून तांबडा रंग होता, तो मी रॉकेलनं घासून घासून काढला. स्वतःला समजावत होते की अप्पा थांबले असते तर काही झालं नसतं. हे खरंच होतं. पण मी रंग लावला नसता तरी काही झालं नसतं, हेही खरं होतं. आणि या दोघांच्या मधे बसण्णा, ज्यानं काहीच केलं नव्हतं, तो रायापूरला घरी बसला होता. आज एवढ्या वर्षांनी सांगते, मला सगळ्यांत जास्त भीती अप्पांच्या माराची नव्हती. ते परत मला ब्रश हातात देणार नाहीत, ही होती. अशी आपमतलबी मुलगी होते मी.

शेवटी मी काळोख्या खोलीत सांगितलं, दुकानातल्या, कारण तिथं तांबड्या दिव्यात एकमेकांचं तोंड नीट दिसत नाही. अप्पा ट्रेमधे एक फोटो हलवत होते, कुणाच्या तरी लग्नाच्या मुलीचा. मी ड्रमपासून नटांच्या भोकांपर्यंत सगळं सांगितलं, मिस्त्री काय म्हणाले तेही. ते हलवतच राहिले. मुलीचा चेहरा वर आला, गडद झाला, आणि मग पार काळा झाला, तरी त्यांचा हात थांबला नाही. मी म्हटलं, अप्पा, फोटो. त्यांनी तो काळा कागद उचलून बघितला आणि बाजूला ठेवला. ‘तू रंग लावलास,’ ते म्हणाले, ‘आणि तो थांब म्हणत होता ते मी ऐकलं नाही.’ मग विचारलं, ‘तो प्यायला नव्हता, हे तुला माहीत होतं?’ मी म्हटलं, तुम्हालाही माहीत होतं. एवढं उद्धट मी त्यांच्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बसनं रायापूरला गेलो. बसण्णाच्या आईनं ताक दिलं. अप्पा घोंगडीवर बसून बराच वेळ पाऊसपाणी, जोंधळा असं बोलत राहिले, आणि मग एकदाचं म्हणाले की झालं गेलं विसर, चूक तुझी नव्हती, उद्यापासून ये. बसण्णा उभाच होता. त्यानं ऐकून घेतलं. तो आमच्याशी नेहमी आमच्या मराठीतच बोलायचा, मधे मधे कन्नड घालून. म्हणाला, ‘अप्पारी, त्या दिवशी मंदीसमोर बोललात. आता घरात येऊन सांगताय.’ मंदी म्हणजे माणसं, चार लोक. अप्पा म्हणाले, अरे, मी तुझ्या घरी आलो, हे कमी आहे का? बसण्णा म्हणाला, ‘घरी माझी आईच आहे. तिला ठाऊक आहे मी पीत नाही. मंदीला ठाऊक नाही.’  परत येताना बसमधे अप्पांचे कान लाल झाले होते, आणि मला वाटलं संपलं, हा माणूस आता काही करणार नाही. माझ्या अप्पांना मी ओळखत होते, किंवा तसं समजत होते.

त्यांनी पुढच्या सोमवारी बसण्णाला निरोप धाडला. खोली स्टुडिओसमोर आणून उभी केली होती, डावीकडून जॅकवर उचललेली, चाक काढून भिंतीला टेकवलेलं. त्याआधीचे दोन दिवस मी फुटक्या काचेनं आणि रॉकेलनं रंग खरवडत बसले होते, दोन्ही चाकांच्या आतला, ड्रमचा, नटांच्या भोकांचा. बाहेरचा तेवढा ठेवला. अप्पांनी गॅरेजच्या मिस्त्रींना बोलावलं, शेजारच्या दुकानदारांना बोलावलं, आणि कोपऱ्यावर लॉऱ्या लावून बसणाऱ्या ड्रायव्हरांना स्वतः जाऊन बोलावून आणलं. बाजाराची वेळ, येणारे-जाणारेही थांबले. बसण्णा धुतलेला सदरा घालून आला आणि मागं उभा राहिला. अप्पा खोलीच्या पायरीवर चढले. ओरडले होते कन्नडमधून, म्हणून बोललेही कन्नडमधूनच. आमच्या कॅरव्हानचं चाक निखळलं, ते बसण्णानं नट आवळले नाहीत म्हणून नाही. तो दोनदा थांबतो म्हणाला, मी थांबू दिलं नाही. तो पीत नाही. तो प्यायला आहे असं मी म्हणालो, ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे माहीत असून म्हणालो.   मग ते म्हणाले, आणि लोखंडाच्या मधे रंग लागला होता, तो आमच्या घरातून लागला.

‘आमच्या घरातून’ एवढंच. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलीचं नाव बाजारात कसं घेणार? मला सुटल्यासारखं वाटलं, खरंच वाटलं. आणि बसण्णानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं, आणि माझे पाय आपोआप पुढं गेले. मी म्हटलं, ‘रंग मी लावला. कुणाला न विचारता.’ आवाज इतका बारीक निघाला की मागच्या ड्रायव्हरांपैकी एकानं, काय म्हणाली, असं विचारलं, आणि मला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. लोक हसले नाहीत. हसले असते तर सोपं गेलं असतं.

बसण्णा पुढं आला. खाली बसून त्यानं ड्रमच्या तोंडावरून बोट फिरवलं, मग चाकाच्या आतून फिरवलं, एका भोकात राहिलेला रंगाचा कण नखानं काढला. चाक उचलून बसवलं, पाच नट एकाआड एक समोरासमोर आवळले, जॅक उतरवला, पुन्हा आवळले. पाना माझ्या हातात दिला. ‘दहा मैलांवर एकदा,’ म्हणाला, ‘मग पन्नासवर एकदा. कुणीही नको म्हणालं तरी.’ अप्पा पायरीवरून उतरले आणि त्यांनी जीपची किल्ली त्याच्यापुढं धरली.

बसण्णानं हात पुसले. किल्ली घेतली नाही. ‘नोकरीसाठी नव्हतो आलो री,’ तो म्हणाला. ‘ऐकायला आलो होतो.’ त्यानं अप्पांना नमस्कार केला, नीट, दोन्ही हातांनी, आणि तो ड्रायव्हरांच्या घोळक्यातून निघाला. त्यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली, एकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटत होतं अप्पांनी हाक मारावी. मी मारायला हवी होती, तीही मारली नाही. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर अप्पा जीपमधे ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले. किल्ली लावली, आणि गाडी सुरू न करता तसेच बसून राहिले. मी पाना मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि रडले, आणि त्यांनी मला गप्प राहा असं म्हटलं नाही.